पंचवीस गुंठ्यांचा बिघा

जयपूरकडचा पक्का बिघा १६५ फूट लांब आणि १६५ फूट रुंद, म्हणजे ३०२५ चौरस यार्डांचा. आपला गुंठा ३३ फुटी, १२१ चौरस यार्डांचा. भागून पाहिलं तर उत्तर बरोबर २५ येतं, वर एक इंचही उरत नाही. दोन वेगळ्या मुलखांतली मापं इतकी चपखल बसावीत याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. कारण अगदीच कारकुनी आहे. उत्तर हिंदुस्थानात इंग्रजांनी अकबराच्या इलाही गजाची लांबी ३३ इंच ठरवून टाकली. साठ गजांची बाजू धरली की १६५ फूट होतात, आणि मोजणीदाराची ६६ फुटी साखळी त्यात अडीच वेळा बसते. मुंबई इलाख्यातल्या गुंठ्याची बाजू म्हणजे त्याच साखळीचा अर्धा भाग. बिघा मोगली वाटतो, गुंठा मराठी वाटतो, आणि दोघांची मुंज एकाच साखळीनं लावलेली आहे. (बाजारातला बिघा ही वेगळी चीज. एजंट सांगतो तो बिघा कच्चा की पक्का हे विचारल्याशिवाय भावाचं बोलूच नये. कच्चा बिघा १९३६ चौरस यार्डांचा, म्हणजे जेमतेम सोळा गुंठे.)

मापं जुळली तरी शब्द जुळत नाहीत. गेले दोन हिवाळे आमच्या घरात जयपूरच्या आसपास बिघा-दोन बिघे जमीन घेऊन हौसेची शेती करावी हा विषय चालू आहे, आणि त्या निमित्तानं मी जमिनीचे कागद वाचायला शिकले. अनुवादाच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावरही इतके फसवे शब्द एका जागी कधी भेटले नव्हते. आपला सातबारा म्हणजे इथली जमाबंदी. आपला तलाठी तो पटवारी, फेरफार ते नामांतरकरण, पीकपाहणी ती गिरदावरी, गट नंबर तो खसरा. इथवर ठीक आहे. शब्दाला शब्द ठेवता येतो. घोटाळा होतो तो ‘खातेदार’ या शब्दाशी, कारण तो दोन्हीकडे आहे. मराठीत खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे तो, बोलण्यात सरळसरळ मालक. राजस्थानच्या कायद्याच्या इंग्रजी पाठात मात्र खातेदाराच्या पुढे ‘टेनंट’ हा शब्द उभा आहे. म्हणजे आपल्या भाषेत कूळ. जमीन राज्याची, आणि ती वारसाहक्कानं, विक्रीच्या हक्कासह धारण करणारं सर्वांत वरच्या दर्जाचं कूळ म्हणजे खातेदार. पुढे सांगायचं आहे ते सगळं या एका शब्दाच्या पोटात आहे.

पुण्याच्या आत्याला फोनवर जमिनीबद्दल सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, “अगं, पण तू शेतकरी कुठे आहेस? तुला कोण जमीन देणार?” तिच्या जागी तिचं बरोबर होतं. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ ते सांगतं. म्हणून आपल्याकडे शहरातल्या माणसाची हौसेची शेती बहुधा आजोबांच्या सातबाऱ्यावरच्या नावापासून सुरू होते. ते नाव नसेल तर सासरचं, नाहीतर मामाकडचं शोधलं जातं. दहा गुंठ्यांचा हिस्सा कामाचा नसला तरी तो सोडू नये, ‘शेतकरी दाखला’ राहतो, हे वाक्य मध्यमवर्गीय मराठी घरात कधी ना कधी ऐकलेलं असतं.

राजस्थानात ही अट नाही. कमाल धारणेच्या आत राहून कोणीही शेतजमीन घेऊ शकतो. बंधन आहे ते विकणाऱ्याच्या बाजूनं: अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदाराची जमीन त्या वर्गाबाहेरच्या माणसाला विकता येत नाही, १९५५ च्या राजस्थान काश्तकारी अधिनियमाच्या कलम ४२ नुसार असा व्यवहार मुळातच रद्दबातल. अशी जमीन बाजारभावापेक्षा स्वस्त म्हणून दाखवली जाते आणि कागद ‘बसवून देऊ’ असंही सांगितलं जातं. तिथून उठून यावं, एवढंच.

एकाच देशातले, सात-आठ वर्षांच्या अंतरानं झालेले दोन कायदे इतके वेगळे का? माझा समज असा की, प्रत्येक जमीनकायदा लिहिताना कुणीतरी खलनायक डोळ्यांसमोर असतो. मुंबई प्रांतात तो सावकार होता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, दंगा नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जनिवारण कायदा आला. शेत न कसणाऱ्या माणसाच्या हातात जमीन जाणं ही महाराष्ट्रात तेव्हापासून धास्तीची गोष्ट आहे. १९४८ च्या कायद्यात ती धास्ती कलमाच्या रूपात बसली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारं कूळ जमिनीचं मालक झालेलं मानलं गेलं.

ढुंढाडात, म्हणजे जुन्या जयपूर राज्यात, सावकार होते, पण शेतकऱ्याच्या उरावर बसलेला होता तो ठिकाणेदार. लागबाग, बेगार, पिकाचा वाटा, हे सगळं त्याच्या गढीत जमा होई. सीकर ठिकाण्यातल्या जाट शेतकऱ्यांचं आंदोलन वर्षानुवर्षं चाललं, आणि १९३५ मध्ये कूदण गावात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणून स्वातंत्र्यानंतर राजस्थाननं आधी १९५२ मध्ये जागिरी काढून घेण्याचा कायदा केला, आणि १५ ऑक्टोबर १९५५ पासून काश्तकारी अधिनियम लागू करून कसणाऱ्याला खातेदार केलं. मधला जागीरदार उचलला गेला आणि शेतकरी थेट राज्याचं कूळ झाला. उद्या शहरातला डॉक्टर, वकील किंवा अनुवादक येऊन बिघा-दोन बिघे घेईल अशी भीती त्या वेळच्या कुणाला वाटली नसावी. जयपूरबाहेर तेव्हा एवढी ओसाड जमीन होती की कुणी घेतो म्हणाला तर लोकांनी त्याला चहा पाजला असता.

जागीरदारांना एक वाट ठेवली होती, तिचं नाव ‘खुदकाश्त’. स्वतः कसत असलेली जमीन त्यांच्याकडे राहू शके. आता ‘स्वतः’ म्हणजे काय? महाराष्ट्राच्या कायद्यातही ‘जातीने कसणे’ची व्याख्या आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. स्वतःच्या श्रमानं, कुटुंबीयांच्या श्रमानं, किंवा स्वतःच्या अगर कुटुंबातल्या कुणाच्या देखरेखीखाली मजुरांकडून. मजुरी रोख द्या नाहीतर धान्यात द्या, पण पिकाचा हिस्सा देऊ नका. हिस्सा दिला की कसणारा तो, तुम्ही नाही. जयपूरभोवतीच्या शनिवार-रविवारच्या शेतांवर नेमकं हेच चालतं: शहरातलं कुटुंब सुट्टीला येतं, आणि उरलेले पाच दिवस एक स्थानिक कुटुंब तिथे बटाईनं राबतं. गिरदावरीत पीक दिसतं, जमाबंदीत नाव दिसतं, राबणारं कुटुंब कुठेच दिसत नाही.

यात नवं काही नाही. युरोपीय साहित्यात हौसेच्या शेतीचा आद्य नमुना म्हणून ज्या शेताकडे बोट दाखवतात ते रोमन कवी होरेसचं सॅबाइन टेकड्यांमधलं शेत. मेसीनस या धनिक आश्रयदात्याच्या कृपेनं मिळालेलं. साधं जगणं, झरा, थोडी झाडी, शहरापासून सुटका. पण कवितांमधून नीट पाहिलं तर त्या शेतावर आठ गुलाम आहेत, एक कारभारी आहे आणि पाच कुळांच्या चुली पेटतायत. एम.ए.ला आम्हाला हे शेत शिकवलं तेव्हा झऱ्यावर दोन तास गेले होते. चुलींचा उल्लेख झालेला आठवत नाही.

मराठी माणसाचा जयपूरच्या जमिनीशी संबंध होरेसच्या जातीचा आहे, राजाच्या कृपेचा. सवाई जयसिंहानं १७२७ मध्ये शहर वसवलं त्याआधीपासून त्याच्या दरबारात महाराष्ट्रीय पंडित होते. त्याचे गुरू रत्नाकर पुंडरीक त्यांतले. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा व्रतांचा मोठा ग्रंथ त्यांचा, आणि ब्रह्मपुरीत भित्तिचित्रांची ‘पुंडरीकांची हवेली’ आजही उभी आहे. दुसरे जगन्नाथ सम्राट. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, म्हणजे जयपूरमधले मराठी अनुवादक म्हणून ते माझे मूळ पुरुष. (मानधनाचा हिशेब मात्र जुळत नाही.) अशा ब्राह्मणांना राज्यातून ज्या जमिनी मिळत त्यांच्या प्रकाराचं नाव होतं ‘उदक’. दान देताना हातावर पाणी सोडायचं, त्यावरून. मराठीत ‘उदक सोडणं’ म्हणजे हक्क सोडून मोकळं होणं, आणि ढुंढाडात ‘उदक’ म्हणजे मिळालेली जमीन. देणाऱ्याच्या बाजूचा शब्द आपण ठेवला, घेणाऱ्याच्या बाजूचा त्यांनी.

आणि खरोखरचं उदक? जयपूरच्या हौशी शेतीचा इतिहास लिहायचा तर अर्ध्याहून अधिक तो पाण्याचाच होईल, आणि त्यासाठी रामगढला जावं लागतं.

शहरापासून तीसेक किलोमीटरवर बाणगंगा नदीवर जमवा रामगढचं धरण आहे. महाराजा माधोसिंह दुसरे यांच्या काळात, १८९७ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि १९०३ मध्ये पुरं झालं. त्यामागे मोठ्या दुष्काळाची धग होती. पुढे १९३१ पासून जयपूरला पिण्याचं पाणी रामगढहून येऊ लागलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत नौकानयनाच्या शर्यती याच पाण्यावर झाल्या. आमच्या शेजारच्या आजींच्या बोलण्यात ‘रामगढ का पानी’ हा शब्द अजून येतो, गोड पाण्याला पर्याय म्हणून. या शतकाच्या पहिल्या दशकात तलाव कोरडा पडला. २००९ पासून शहराला टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूरचं पाणी मिळतं, शंभर किलोमीटरहून लांबून. रामगढच्या तळाशी लोक काकड्या-टरबुजं लावताना दिसतात.

पाऊस थांबला होता का? नाही, कमी-जास्त झाला, पण थांबला नव्हता. धरणात येणारं पाणी वाटेत अडलं. जमवा रामगढ, आमेर, शाहपुरा, विराटनगर या तहसिलींमधून बाणगंगेला मिळणाऱ्या ओहोळांवर छोटे बंधारे झाले, इथे त्यांना एनिकट म्हणतात. पात्रात, नाल्यांत जमिनी वाटल्या गेल्या, कुंपणं पडली, रिसॉर्ट उभे राहिले. आणि फार्महाउस. कुणी दोन बिघ्यांना भिंत घातली, कुणी पाच बिघ्यांना. प्रत्येकाला आपली भिंत म्हणजे फक्त आपली भिंत वाटते. पण नाल्याला आडवी गेलेली पन्नास मीटरची भिंत पावसाळ्यात धरणाचंच काम करते, आणि अशा शेकडो भिंतींनी मिळून एक मोठं धरण रिकामं केलं. २ ऑगस्ट २००४ ला राजस्थान उच्च न्यायालयानं अब्दुल रहमान विरुद्ध राज्य या खटल्यात निकाल दिला: नद्या, नाले, तलाव आणि त्यांची पाणलोटक्षेत्रं १५ ऑगस्ट १९४७ रोजी जशी होती तशी परत करा. २०११ मध्ये रामगढची न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. वाटप रद्द झाली, काही बंधारे आणि भिंती पाडल्या गेल्या. तलाव अजून भरलेला नाही.

न्यायालयानं निवडलेली ती तारीख मला फार विचारात पाडते. पंधरा ऑगस्टला देश नव्यानं सुरू झाला असं आपण मानतो. न्यायालयानं तोच दिवस नाल्यांसाठी शेवटचा खरा नकाशा मानला. त्या दिवशी रामगढचा परिसर जयपूर राज्यात होता, जागिरी होत्या, बेगार होती. पाण्याच्या वाटा मोकळ्या होत्या. कूदणच्या गोळीबाराची आठवण ठेवणाऱ्या माणसाला हे दोन्ही एका वाक्यात लिहिताना अवघडल्यासारखं होतं, पण लिहायला हवं. जागीरदाराला उठवणारा कायदा न्याय्यच होता. तो नाल्याच्या बाजूनं लिहिलेला नव्हता, एवढंच. आणि ज्या कलमांनी नाल्याचं रक्षण करायचं, ती असूनही चालली नाहीत. त्याच काश्तकारी अधिनियमाचं कलम १६ सांगतं की गायरानात आणि नदी-तलावाच्या पात्रात खातेदारी हक्क निर्माणच होत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मग हौसेची शेती करूच नये का? मला तसं वाटत नाही. साधा हिशेब करून पाहावा. जयपूरचा पाऊस वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास. एका पक्क्या बिघ्यावर म्हणजे सुमारे २५२९ चौरस मीटरवर तेवढा पाऊस पडला की पंधरा लाख लिटर पाणी होतं. बहुतेक सगळं जुलै ते सप्टेंबरात, त्यातही मोजक्या दिवसांत. जिल्ह्यातल्या बहुतेक भागांत भूजलाचा उपसा भरण्याहून जास्त आहे. जुन्या विहिरी दगड टाकून बुजवल्यात आणि बोअर शेकडो फूट खाली गेलेत. तेव्हा हौशी शेतकऱ्यानं नवा बोअर मारून लॉन करणं म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरमधलं पाणी ओढून गवताला पाजणं. पण स्वतःच्या बिघ्यावर पडलेल्या पंधरा लाख लिटरांतलं जमेल तेवढं शेततळ्यात धरून तेवढ्यावरच भागवलं, आणि नाल्याचं नाल्याला जाऊ दिलं, तर हौस कुणाच्या जिवावर होत नाही. चौमूच्या बाजूला गुढा कुमावतान गावच्या शेतकऱ्यांनी पॉलिहाउसच्या छपरांवरचं पावसाचं पाणी शेततळ्यात उतरवून काकडी पिकवली. त्यांची गरज धंद्याची होती, हिशेब तोच.

याहून जुनं आणि जास्त शिकण्यासारखं उदाहरण दूदूकडच्या लापोडिया गावाचं. तिथे लक्ष्मणसिंह आणि त्यांच्या सोबत्यांनी गायरानावर ‘चौका’ पद्धत बसवली: बुटक्या मातीच्या पाळींचे चौकोन, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूनं उघडे. पाणी नऊ इंचांपर्यंत थांबतं, त्यात गवताचं बी कुजत नाही, आणि जास्तीचं पाणी पुढच्या चौक्यात, तिथून त्याच्या पुढच्या चौक्यात असं चालत शेवटी तलावात जातं. अनुपम मिश्रांनी या गावाबद्दल लिहिलं, २०२३ मध्ये लक्ष्मणसिंहांना पद्मश्री मिळाली. मला यातलं नऊ इंच फार आवडतं. पाणी अडवायचं, पण एवढंच, पुढच्याचं ठेवून. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे घालण्याची, आणि त्या कामाला सरकारच्या पलटणींतले शिपाई लावण्याची सूचना केली होती. ती १८८३ मधली.

आणि किती जमीन पुरे? यावर मराठीत एक माणूस आयुष्यभर गणित मांडत होता. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर, मूळचे गणिताचेच शिक्षक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’चा दावा असा की, पाच माणसांच्या कुटुंबाला नीट जगायला दहा गुंठे पुरतात, ऊन, पानं आणि माती यांचा हिशेब कळला पाहिजे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव. जयपूरच्या रखरखीत हवेत तो हिशेब तसाच्या तसा उतरेल असं नाही, पण त्या हिशेबानं एका पक्क्या बिघ्यात अडीच कुटुंबं बसतात हे लक्षात ठेवलं तर पाच बिघ्यांच्या मागे लागलेला माणूस जरा थबकतो. काय लावायचं याची उत्तरं इथे तयार आहेत. पावसावर बाजरी, मूग, चवळी. थंडीत जव, मोहरी, हरभरा. बांधावर खेजडी, बोर, आवळा. गुंदा लावावा, म्हणजे आपलं भोकर. त्याचं लोणचं इथल्या घरात कैरीइतकं मुरवलेलं असतं. दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रानं काढलेलं ‘दुर्गापुरा मधु’ खरबूज आहेच. शिकायचं असेल तर जोबनेर पन्नासेक किलोमीटरवर. तिथलं कृषी महाविद्यालय १९४७ मध्ये जोबनेरचे रावल नरेंद्रसिंह यांनी काढलं. जागिरी जाण्याआधी पाच वर्षं, एका जागीरदारानं.

आम्ही आतापर्यंत चार जमिनी पाहिल्या. चौथी सगळ्यांना आवडली आहे: दोन बिघे, उतार पूर्वेकडे, एक जुनी खेजडी, रस्ता बरा. कायदा शेतावर स्वतः राहण्यापुरतं घर, गोठा आणि कोठार यांना ‘सुधारणा’त धरतो, त्यामुळे दोन खोल्यांचा प्रश्न नाही. माझ्या सासऱ्यांनी तर गोठ्याची दिशाही ठरवली आहे. ज्यांची जमीन आहे त्यांचा धाकटा मुलगा तिथेच बटाईनं कसत राहायला तयार आहे. मी म्हणते आहे की बटाई नको, महिन्याचा रोख पगार ठरवू आणि पीक आपसांत वेगळं वाटू. यावर घरात एकमत नाही. सासरे म्हणतात, “इथली रीत मोडू नये, सूनबाई, वाट्यात त्याला पगारापेक्षा जास्त मिळेल.” मिळेलही. पिकाच्या वर्षी मिळेल.

जमाबंदीत मात्र शेजारचा खसरा आहे, लांबट, चिंचोळा, जेमतेम चार बिस्व्यांचा. त्याच्यापुढे लिहिलं आहे ‘गैर मुमकिन नाला’. गैर मुमकिन म्हणजे अशक्य. महसुलाच्या भाषेत, जिथे पीक घेणं शक्य नाही अशी जमीन. मराठीत आपण पोटखराबा म्हणतो, पण त्यात खराबपणाचा ठपका आहे. ‘गैर मुमकिन’मध्ये ठपका नाही, फक्त इथे काही करू नका असं सांगितलेलं आहे. जागेवर नाला दिसत नाही. नांगरून सपाट केलेली जमीन आहे आणि तिच्यात मोहरी उभी आहे, आमच्या दोन बिघ्यांच्या मोहरीला जोडून, एकाच वाफ्यात. विकणारे म्हणतात ती पट्टी ‘सोबतच’ आहे, तिचे पैसे नकोत. पटवाऱ्याकडे आम्ही जुन्या नकाशाची नक्कल मागितली आहे, १९५५ च्या आधीची जी असेल ती. नक्कल आली की फीत घेऊन जायचं आणि कुंपणाचे खुंट नाल्यापासून किती आत घ्यायचे ते मोजायचं. आधी कुंपण, मग गोठा, हे सासऱ्यांनीही मान्य केलं आहे. मोहरी होळीनंतर कापतील, तेव्हा जमीन मोकळी दिसेल.